नासी लमाक परत आलं, म्हणून यंदा समोसे?

प्रिय मावशी,

तुम्ही काही वर्षं मलेशियात काढलीत हे तुमच्या सदरात वाचलं होतं, म्हणून तुम्हालाच विचारते. मी मूळची सांगलीची. नवरा पेनांगचा, तिथल्या चिनी कुटुंबातला. आम्ही नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असतो. इथे दर वर्षी सप्टेंबरच्या चौथ्या शनिवारी ‘ब्यूरनदाख’, म्हणजे शेजाऱ्यांचा दिवस साजरा करतात. आमच्या वस्तीच्या हॉलमध्ये त्या दिवशी पॉटलक असतं, म्हणजे प्रत्येक घराने एकेक पदार्थ करून आणायचा. डच आहेत, मोरोक्कन आणि तुर्की कुटुंबं आहेत, एक इंडोनेशियन आजी आहेत, आपली चार मराठी घरं आहेत.

गेल्या वर्षी मी हौसेने मलेशियाचं नासी लमाक केलं. नारळाच्या दुधातला भात मोठ्या पातेल्यात, मिरच्यांची परतलेली चटणी, म्हणजे सांबल, दुसऱ्या भांड्यात, सुकी मासळी, शेंगदाणे, अंडी, काकडी सगळं वेगवेगळं. हॉलच्या किचनमध्ये सांबल गरम करायला ठेवलं आणि कुणीतरी उठून खिडकी उघडली. मोरोक्कन शेजारणीने ‘हलाल आहे ना?’ विचारलं, मी गडबडले, ती हसून पुढे गेली. मराठी मैत्रिणींनी नुसता भात घेतला आणि ‘साखर घालायची राहिली का गं’ म्हणाल्या. इंडोनेशियन आजी सगळ्यांदेखत म्हणाल्या, हे तर आमचंच आहे. निम्म्याहून जास्त परत आलं. नवरा काही बोलला नाही, मुकाट्याने तीन दिवस तेच जेवला. आता म्हणतो, यंदा समोसे कर, सगळे खातात. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणतात, करायचं तर नीट कर, नाहीतर करूच नकोस. मलाही वाटायला लागलंय, सांगलीच्या मुलीने मलेशियाचं जेवण म्हणून काही मांडावं हेच चुकलं का? वास आणि तिखट कमी करून पुन्हा नेऊ, की सरळ समोसे?

– एक वाचक, आइंडहोवन

मावशी म्हटलंस, तेव्हा मीही तुला ‘तू’च म्हणते.

समोसे नेऊ नकोस. आणि वास काढलेलं, तिखट काढलेलं नासी लमाकही नेऊ नकोस. गेल्या वर्षीचंच ने, पण पातेल्यात नाही.

पत्र मी दोनदा वाचलं. पदार्थात खोट होती असं मला कुठे दिसलं नाही. घोटाळा मांडणीत झालाय. पॉटलकला माणसं जेवतात कशी, ते आठव. हातात कागदी ताटली, टेबलावर दहा-पंधरा प्रकार, मागे रांग. माणूस प्रत्येकातलं चमचाभर उचलतो आणि पुढे सरकतो. नासी लमाक अशा चमच्या-चमच्याने खायचा पदार्थ नाही. भात मुद्दाम सौम्य असतो, कारण सांबल झणझणीत, गोडसर आणि आंबट असतं. मासळी आणि दाणे कुरकुरीत, काकडी थंड, अंडं या सगळ्यांना सांभाळून घेणारं. सगळं एका घासात आलं तर त्याची गंमत. मिसळीची उसळ, फरसाण, कट आणि पाव चार भांड्यांत मांडून ठेवले आणि अनोळखी माणसाने त्यातली नुसती उसळ घेतली, तर तो मिसळीबद्दल काय मत देणार? तुझ्या मैत्रिणींचं तेच झालं. बटाट्याच्या सॅलडशेजारी दोन डाव नारळाच्या दुधातला भात, त्यावर काहीच नाही. त्यांना साखरेची आठवण आली यात त्यांची चूक नाही.

आता गंमत अशी की यावरचा उपाय मलेशियातल्या टपऱ्यांनी केव्हाच शोधून ठेवलाय. नवऱ्याला ‘नासी लमाक बुंकुस’, म्हणजे पुडीत बांधलेलं नासी लमाक, म्हण, त्याचा चेहरा बघ. आम्ही क्वालालंपूरजवळ पेतालिंग जायाला राहायचो, तेव्हा सकाळी कोपऱ्यावरच्या गाडीवर त्या पुड्यांचे ढीग रचलेले असायचे. बाहेरून तपकिरी कागद, आतून केळीचं पान, मधे मूठभर भात, त्यावर चमचाभर सांबल, अंड्याची एक फोड, चार-पाच इकान बिलिस, म्हणजे ती बारीक सुकी मासळी, थोडे दाणे. पुडी वरती निमुळती, वर रबर. ऑफिसला जाणारे, शाळेतली मुलं, रिक्षावाल्यांच्या जागी तिथे असणारे टॅक्सीवाले, सगळे तेच घेऊन जायचे. कुणी काही वेगवेगळं वाढून घेत नाही. पुडी उघडली की जेवण समोर तयार. २०२४ साली युनेस्कोने मलेशियाची न्याहारीची पद्धत अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. त्यात रोटी चनाई (पदर सुटलेला पराठा) आणि तेह तारिक (उंचावरून ओतून फेसाळलेला दुधाचा चहा) यांच्या बरोबरीने नासी लमाक आहे.

तेव्हा यंदा पुड्या ने. एका माणसाला एक पुडी. घेणाऱ्याला ‘काय किती घेऊ’ हा प्रश्न पडत नाही, आणि तो जे खातो ते अख्खं नासी लमाक असतं.

एक किलो तांदळात मुठीएवढ्या साधारण पंचवीस पुड्या होतात. तांदूळ बासमती नको, जास्मिन घे. तुमच्याकडे तो सुपरमार्केटमध्ये ‘पांडान राइस्ट’ नावाने मिळतो, पण नावावर विसंबू नकोस, पांडानची पानं वेगळी आणून गाठ मारून भातात घालायचीच. टोकोत, म्हणजे तिथल्या इंडोनेशियन वाणसामानाच्या दुकानात, फ्रीझरमध्ये असतात. आपल्याकडे काही घरांच्या परसात आंबेमोहोराचं पान म्हणून जे लावतात आणि भातात टाकतात, तेच हे. एक किलोला नारळाच्या दुधाचा एक डबा पुरतो, बाकी पाणी. आल्याचे दोन-तीन तुकडे आणि मीठ. दूध जास्त झालं की भात तुपकट, गिच्च होतो आणि लवकर आंबतो. परदेशात गेल्यावर हात सैल सुटतो, डबे स्वस्त असतात म्हणून. तसं करू नकोस.

काकडी पुडीत घालू नकोस, तिला पाणी सुटतं आणि दाणे मऊ पडतात. चकत्या करून शेजारी बशीत ठेव. मासळी आणि दाणेही गरम भाताच्या वाफेत लोळवायचे नाहीत. सांबल मधे ठेव आणि ते दोन्ही पानाच्या कडेला, भातापासून जरा लांब.

आणि एक मी चिडून सांगणार आहे. नारळाच्या दुधाचा भात तीन दिवस? फ्रीजमध्ये होता असं मी धरून चालते. शिजलेला भात बाहेर पडून राहिला की त्यात बॅसिलस सीरियस नावाचे जीवाणू वाढतात, आणि त्यांनी केलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही. भात सकाळी कर, गरम असतानाच बांध, थर्माकोलच्या किंवा थंड-गरम राखणाऱ्या पेटीत भर, आणि हॉलमध्ये एकदम सगळ्या पुड्या न मांडता थोड्या थोड्या बाहेर काढ. टेबलावर दोन तास होऊन गेलेली पुडी कुणाला देऊ नकोस.

आता वास. खिडकी उघडली गेली हे तुला फार लागलेलं दिसतंय. पण खिडकी कधी उघडली, हे तूच लिहिलंयस: सांबल हॉलच्या किचनमध्ये गरम करायला ठेवलंस तेव्हा. सांबलमध्ये घालतात ते बलाचान म्हणजे काय? आपल्या कोकणकिनाऱ्यावर ज्याला जवळा म्हणतात, त्याच जातकुळीचा बारीक जीव मीठ लावून, उन्हात वाळवून, कुटून, आंबवून केलेली वडी. तू सांगलीची, तुझ्या माहेरी सुकट रोजची नसेल, पण मालवण-वेंगुर्ल्याकडच्या कुणालाही विचार, जवळा तव्यावर भाजताना शेजारच्या चार घरांना कळतं. आणि खाताना? खाताना त्याची खमंग चव लागते, वास लागत नाही. बलाचानचं अगदी तसंच आहे. बंद हॉलमध्ये ते तापवलं, की ज्यांनी आयुष्यात कधी खाल्लेलं नाही त्यांच्यापर्यंत चवीच्या आधी वास पोचतो. तिथेच डाव हरतो.

सांबल दोन दिवस आधी घरी कर. बलाचान भाजायचं ते खिडकी उघडून, पंखा लावून. तुमच्या टोकोत ‘त्रासी’ म्हणून मिळतं ते चालेल (नावावर जाऊ नकोस). मग सुक्या मिरच्या भिजवून, बिया काढून, छोट्या कांद्यांबरोबर वाटायच्या आणि भरपूर तेलात मंद आचेवर परतायच्या. इथे घाई केली की कच्च्या मिरचीचा उग्रपणा राहतो, आणि तो वास बलाचानच्या खात्यावर जमा होतो. रंग लालभडक होता तो तपकिरीकडे झुकला, तेल कडेने सुटलं, की चिंचेचा कोळ, ताडगूळ आणि उभा चिरलेला मोठा कांदा. तुमच्याकडे गुला मलाका नसेल तर जावाचा गूळ मिळेल, तो त्याचाच भाऊ. मिरच्यांचं म्हणशील, तर निम्म्या ब्याडगी घाल. रंग भरपूर, तिखट बेताचं. हे मी पाणचट करणं मानत नाही. मलेशियातही दर गाडीवरच्या सांबलचं तिखट वेगळं, आणि पेनांगच्या लोकांना बाकी देशाचं सांबल गोडच वाटतं.

असं केलेलं सांबल दोन दिवसांनी जास्त चांगलं लागतं आणि ते गरम करायची काही गरज नाही. गाडीवरच्या पुडीतलं सांबलही काही चुलीवरून उतरलेलं नसतं. बलाचान मात्र वगळू नकोस. ते वगळलेलं सांबल खाऊन तुझा नवरा ‘छान झालंय’ म्हणेल आणि पुढच्या वर्षी पुन्हा समोसे सुचवेल.

हलालच्या प्रश्नावर तू गडबडलीस, कारण तुझ्याकडे ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढीच दोन उत्तरं होती. खरं उत्तर त्याहून लांब आहे आणि ते सांगायला लाजायचं कारण नाही. ‘यात मांस नाही. मासळी, सुकी कोळंबी आणि अंडं आहे. आमच्या घरात डुकराचं मांस शिजतं, पण हे पातेलं त्याला लागलेलं नाही.’ एवढं सांग आणि ठरवणं तिच्यावर सोड. पातेल्याची खात्री नसेल तर नवीन आण, पंचवीस पुड्यांना एखादं मोठं भांडं तसंही लागेलच. ‘हो हो, हलाल आहे’ असं ठोकून देऊ नकोस. मलेशियात सणाला चिनी किंवा तमिळ घरी दार सगळ्यांना उघडं असतं, मलय शेजारीही येतात, आणि ते निर्धास्तपणे जेवतात कारण यजमान बऱ्याचदा हलाल केटररकडून जेवण मागवतो, ताटल्याही वेगळ्या ठेवतो. तुझ्या नवऱ्याने लहानपणी हे पाहिलेलं असणार. त्याला विचार, त्याची आई काय करायची. आणि एक बारकावा: तुमच्या तुर्की शेजाऱ्यांपैकी काहींना कोळंबी चालणार नाही, कारण तिथे चालणाऱ्या हनफी या मुस्लिम धर्मशास्त्राच्या परंपरेत ती अनेकजण वर्ज्य मानतात, तर मोरोक्कन घराला त्याची काही अडचण नसेल. म्हणून शिक्कामोर्तब करण्यापेक्षा काय घातलंय ते लिहून ठेवणं बरं.

लिहायचं ते मोठ्या अक्षरात, डचमध्ये. युरोपात विकायच्या खाण्यावर ज्या १४ गोष्टी ठळकपणे सांगाव्या लागतात, त्यांतल्या चार एकट्या नासी लमाकमध्ये आहेत: मासे, कोळंबीवर्गातले जीव, शेंगदाणे, अंडं. घरच्या जेवणाला तो कायदा लागत नाही, पण दाण्यांची ॲलर्जी असलेलं एखादं पोर त्या हॉलमध्ये असू शकतं. ज्या पुडीत दाणे आहेत तिच्यावर तसं लिही.

मराठी मैत्रिणींसाठी सहा-आठ पुड्या वेगळ्या कर, हिरव्या दोऱ्याने बांध. सुके शिताके मशरूम भिजवून बारीक वाटायचे आणि त्यात चमचाभर ताउचू, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट. जवळ्याची चव येणार नाही, पण खमंगपणाची उणीव भरून निघते. मासळीऐवजी तळलेलं तेंपेह, ते तर नेदरलँड्समध्ये बहुतेक सुपरमार्केटांत सापडतं. अंडं नको. पेनांगला बौद्ध शाकाहारी हॉटेलांत असलं नासी लमाक सर्रास मिळतं, तेव्हा तू काही शोध लावतेयस असं नाही. फक्त तेल, कढई, चमचा वेगळे ठेव. ‘थोडंसंच तर बलाचान आहे, कळणार नाही’ हा विचार मनात आला तर तिथेच थांब. कळतं. आणि नाही कळलं तरी करायचं नाही.

आता आजी.

त्या तुझ्यावर रागावल्या नव्हत्या, असं मला वाटतं. परक्या गावात अचानक ओळखीचा वास आला की माणूस आधी हक्क सांगतो, कौतुक नंतर करतो. जाकार्ताचं नासी उदुक आणि नासी लमाक यांच्यात फरक आहे, पण बहिणी-बहिणींत असतो तेवढाच. रेंदांगचं, म्हणजे नारळाच्या दुधात मसाल्यांसह आटवलेल्या मांसाचं, तर विचारूच नकोस. ते मूळ पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांचं, आणि तेच लोक समुद्र ओलांडून मलेशियाच्या नग्री संबिलानमध्ये येऊन वसले, येताना रेंदांग घेऊन आले. मग ते कुणाचं? २०१८ साली ब्रिटनमधल्या टीव्हीवरच्या एका स्वयंपाकाच्या स्पर्धेत, मलेशियात जन्मलेल्या एका स्पर्धक बाईंनी नासी लमाकबरोबर चिकन रेंदांग केलं. परीक्षक म्हणाले, कोंबडीची कातडी कुरकुरीत नाही. बाई बाहेर. त्यावर मलेशियन, इंडोनेशियन आणि सिंगापूरकर एका सुरात असे तुटून पडले की तेव्हाचे मलेशियाचे पंतप्रधान नजीब रझाकही त्यात उतरले. एरवी हेच लोक रेंदांग कुणाचं यावरून एकमेकांशी हुज्जत घालत असतात.

आणि तुम्ही राहता त्या देशाचा या भांडणाशी थोडा जास्तच संबंध आहे. आजींचा मुलूख आणि तुझ्या सासरचा मुलूख यांच्यामधली रेघ १८२४ साली इंग्रज आणि डचांनी लंडनमध्ये बसून करार करून मारली. मलाक्का इंग्रजांकडे, सुमात्रातलं बेंकुलेन डचांकडे. मलाक्क्याच्या सामुद्रधुनीच्या दोन्ही काठांवर लोक मात्र नारळाच्या दुधातला तोच भात खातात. हे त्यांना हॉलमध्ये ऐकवू नकोस, उगाच डच शेजारी अवघडतील. तू आजींच्या घरी आधीच जा. एक पुडी घेऊन जा, चव बघायला सांग, आणि ‘तुमच्याकडे सांबलमध्ये काय वेगळं घालतात?’ एवढं विचार. त्यांच्याकडून क्लेपोन करून घेता आले तर सोन्याहून पिवळं. पांडानचा हिरवा रस, चिकट तांदळाचं पीठ, आत ताडगूळ, बाहेर खवलेलं खोबरं. उकडीच्या मोदकातला गूळ आत राहिला आणि खोबरं बाहेर आलं असं समज. मलेशियात यालाच ओंदे-ओंदे म्हणतात. तुझ्या पुड्या आणि त्यांचे क्लेपोन एका टेबलावर शेजारी असले, तर ‘हे आमचंच’ म्हणायला त्यांना कुणी उरणार नाही.

सांगलीच्या मुलीला हक्क आहे का, या प्रश्नावर मी फार वेळ घालवणार नाही. नासी लमाक मुळात मलय लोकांचं. तुझा नवरा चिनी. त्याने लहानपणापासून ते आपलं म्हणून खाल्लं आणि कुणी त्याला अडवलं नाही. रोटी चनाई तमिळ मुसलमानांनी तिथे रुजवली आणि आज ती सगळ्या मलेशियाची सकाळ आहे. त्या देशाचं जेवण असंच वाढत आलंय, लग्न होऊन, स्थलांतर करून, शेजारी राहून. तू लग्न केलंस, शिकलीस, रांधलंस. यापलीकडे कसला दाखला हवाय?

खरा प्रश्न मला वेगळाच दिसतो, आणि तो तू विचारलेला नाहीस. तुझ्या पत्रात सांबल तू केलंस, भात तू केलास, हॉलमध्ये तू उभी राहिलीस, हलालचं उत्तर तू दिलंस, आजींचं बोलणं तू ऐकलंस. पेनांगचा माणूस कुठे होता? उरलेलं मुकाट्याने जेवायला तेवढा आला. त्याला वाईट वाटलं हे मला कळतं. आपल्या घरचं जेवण परत येताना बघणं सोपं नसतं. पण ते त्याचं जेवण असेल, तर त्याने टेबलाच्या मागे उभं राहायला हवं. ‘हे काय आहे?’ असं एखाद्या डच शेजाऱ्याने विचारलं तर त्याने जे सांगायचं, ते तू कितीही वाचलंस तरी तुला सांगता येणार नाही: शाळेच्या गेटबाहेर कुणाची गाडी लागायची, आजी कुठल्या गाडीवरचं आणायची, पुडी कशी उघडायची. माणसं ते ऐकून खातात.

त्याला समोसे हवेत ना? मग त्याने करिपाप करावेत. हे मी अगदी गंभीरपणे सांगतेय. मलेशियात दुपारच्या चहाला, टपरीवर, ऑफिसच्या कँटीनमध्ये, सगळीकडे करिपाप असतात. मैद्याची अर्धगोल पारी, आत बटाटा, कांदा आणि करी पावडरचं सारण, तळलेली. तू पाहिलेच असशील, आणि पहिल्यांदा पाहिलेस तेव्हा तुला करंजी आठवली असणारच, कारण कडेला अगदी तशीच मुरड असते. बटाटा समोशासारखा कुस्करायचा नाही, बोराएवढ्या फोडी ठेवायच्या, आणि सारण पूर्ण कोरडं हवं, नाहीतर पारी फुटते. अर्धा किलो मैद्याला तेल किंवा मार्गारीनचं कडकडीत मोहन, मग थंड पाणी. कच्चेच फ्रीझ करून ठेवता येतात, तिथे बायका सर्रास तसंच करतात. सकाळी तळून नेले की थंडही चांगले लागतात. मांस नाही, मासळी नाही, अंडं नाही, दाणे नाहीत. तुझ्या टेबलावरचा जवळजवळ प्रत्येक माणूस खाऊ शकेल असा हा पदार्थ. पुडी घ्यायला जो कचरतो तो आधी करिपाप खाईल आणि मग पुडीकडे वळेल. सारण त्याने करावं, चवीचं त्याला कळतं. मुरड तू घाल, किंवा त्याला शिकव. दिवाळीला पुढे उपयोगी पडेल.

सासूबाईंचं ‘नीट कर’ हे मी टोमणा म्हणून वाचलं नाही. त्यांना तुझ्या सांबलमध्ये काहीतरी खटकलंय, आणि ते काय हे तू विचारलं नाहीस. बुधवार-गुरुवारी सांबल करताना फोन कढईसमोर उभा कर आणि रंगावर त्यांची सही घे. कधी तेल सुटलं, कधी चिंच घालायची, हे त्या पडद्यावरून ओरडून सांगतील. त्यांच्या लेकाला मात्र त्या वेळी कांदे सोलायला शेजारी बसव. आईचा आवाज आला की तो आपोआप कामाला लागेल.

केळीची पानं टोकोत गोठवलेली मिळतात. शुक्रवारी रात्री बाहेर काढ, पुसून घे आणि गॅसवरून दोन्ही बाजूंनी झरझर फिरव. चमक आली की ती वाकतात, तडकत नाहीत. सोबत थोड्या कागदी पिशव्या ने. मलेशियन माणूस पाहुण्याला ‘तापाउ’ केल्याशिवाय, म्हणजे बांधून दिल्याशिवाय सोडत नाही. जेवण संपायची वाट न बघता पहिल्या तासातच विचारायला लाग, घरी कुणासाठी नेणार का म्हणून. डच लोक स्वतःहून मागणार नाहीत, विचारलंस तर लगेच घेतील.

आणि शनिवारी सकाळी इकान बिलिस तळायला नवऱ्याला उभं कर. धुऊन अगदी कोरडे करायचे, आच मध्यम, आणि सोनेरी व्हायच्या जरा आधीच काढायचे, बाहेर काढल्यावरही रंग चढत राहतो. फोन मात्र त्याच्याकडून आधी काढून घे, डोळ्यांदेखत करपतात ते.